पाडव्याच्या दिवशी लिंकनला

प्रश्न: मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन २००३ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हापासून नेब्रास्का राज्यात ओमाहाला राहते. माझा नवरा इचलकरंजीचा. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तो एम.एस. करायला लिंकनच्या विद्यापीठात आला आणि तिथल्या फुटबॉल संघाचा झाला तो झालाच. सप्टेंबर ते नोव्हेंबर आमच्या घरात शनिवार नसतो. लिंकनला मॅच असली की हा सकाळीच लाल शर्ट चढवून ऐंशी किलोमीटरवर जातो. विद्यार्थी असताना ज्यांच्या घरात तळमजल्याच्या खाली भाड्याने राहायचा, त्या म्हाताऱ्या घरमालकांनी याला हे लावलं. त्यांच्या घरची चार सीझन तिकिटं आहेत, त्यातल्या एकावर हा बसतो. पहिल्याच वर्षी संघ देशात पहिला आला, ती मॅच आजोबांच्या दिवाणखान्यात बसून टीव्हीवर पाहिली, हे मी शंभरदा ऐकलंय. आजोबा २०१६ मध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर वारले, तरी हा जातोच. त्या वर्षी पहिल्या मॅचहून आला तो जेवला नाही, रडत बसला. कुणा खेळाडूसाठी म्हणे. आजींना अजून दर शुक्रवारी फोन असतो. आणि हा संघ धड जिंकतही नाही हो! कित्येक वर्षं नुसता हरतोय. १९८४ मधल्या एका हरलेल्या मॅचची आजोबांकडून ऐकलेली गोष्ट मुलीला रामायणासारखी सांगतो. तेव्हा हा स्वतः इचलकरंजीत शाळेत होता! गेल्या वर्षी दिवाळीचा पाडवा शनिवारी आला. मी औक्षणाची तयारी करून बसले आणि हा लिंकनला. रात्री उशिरा आला, घसा बसलेला, संघ हरलेला. आता मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात जाईल. तिला आयोवा विद्यापीठात नर्सिंगला जायचंय म्हटल्यावर याने तीन दिवस अबोला धरला. माझे वडीलही पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच चुकवत नसत, पण ते वेगळं, ते आपलं गाव होतं. परक्या देशातल्या कॉलेजच्या पोरांच्या हरणाऱ्या संघासाठी पन्नाशीचा माणूस असं करतो, याला काय म्हणायचं? आणि मी काय करू?

उत्तर:

ताई, पाडव्याचं आधी बोलते, कारण त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. तुमच्या यजमानांचं चुकलं. तो २ नोव्हेंबर २०२४ चा शनिवार. लिंकनला यूसीएलए विद्यापीठाबरोबर सामना होता आणि नेब्रास्का २७-२० असं हरलं. सामना दुपारचा होता. सकाळी अंघोळी आटोपून, पाटावर बसून, औक्षण करून घेऊनही ते वेळेत पोचले असते. तुमच्याकडे संध्याकाळची पद्धत असेल तर ‘यंदा सकाळी करूया का?’ एवढंच विचारायचं होतं. सामन्याला गेले याचं मला काही वाटत नाही, विचारलं नाही याचं वाटतं. इतके महिने झाले, आता कशाला उकरायचं, असं म्हणून हे सोडून देऊ नका. शांतपणे, पण स्पष्ट सांगा. तुम्ही तबक घेऊन किती वेळ बसला होता तेही सांगा. त्यांना बहुधा ते माहीतच नसेल.

आता ‘याला काय म्हणायचं’ याकडे येते. तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं. उत्तराचे धागे सगळे तुमच्याच पत्रात आहेत, तक्रारीच्या भरात ते इकडेतिकडे विखुरलेत इतकंच.

या सदराच्या बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. शंभर यार्डांचं मैदान, लांबट चेंडू, हेल्मेट घातलेले अकरा-अकरा जण आणि इंच-इंच पुढे सरकण्याची झटापट. कॉलेजचे सामने प्रामुख्याने शनिवारी, ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर. नेब्रास्का हे मक्याच्या शेतांचं आणि गुराढोरांचं राज्य, वस्ती जेमतेम वीस लाख. मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ या राज्यात नाही. जे काही आहे ते हस्कर्स, म्हणजे लिंकनच्या विद्यापीठाचा संघ. लिंकनचं मेमोरियल स्टेडियम १९२३ मध्ये उघडलं. ३ नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत, चारशेच्या वर सामने झाले. ऐंशी-नव्वद हजार माणसं एका ठिकाणी जमतात, त्या दिवशी ते स्टेडियमच राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं. तिकिटं घराण्यात चालत येतात, आपल्याकडे शेत चालत यावं तशी. तुमच्या यजमानांना अशा एका घराने आपल्या चारांतली एक खुर्ची दिली. ही केवढी गोष्ट आहे ते बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. मूठभर डॉलर टाकून मिळणारी वस्तू नव्हे ती.

आता १९८४ च्या त्या ‘रामायणा’कडे. ताई, ती गोष्ट तुम्ही एकदा नीट ऐकायला हवी होती, कारण सगळं त्यात आहे. मीच सांगते.

२ जानेवारी १९८४, मायामी, ऑरेंज बाउलचा सामना, म्हणजे मोसमाच्या शेवटी निवडक संघांत होणाऱ्या मोठ्या सामन्यांपैकी एक. नेब्रास्का तोवर त्या मोसमात एकही सामना हरलेलं नव्हतं, देशात पहिल्या क्रमांकावर होतं. समोर मायामी विद्यापीठ, स्वतःच्या गावात. सामन्याचे चार भाग असतात, त्यातल्या शेवटच्या पावात नेब्रास्का ३१-१७ असं मागे. तिथून ते ३१-२४ वर आले, आणि शेवटची ४८ सेकंद उरली असताना पुन्हा टचडाउन करून, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण मिळवून, ३१-३०. आता दोन रस्ते होते. चेंडू लाथेने खांबांमधून मारला असता तर एक गुण, सामना बरोबरीत. त्या काळी कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता, बरोबरी झाली की झाली. आणि बरोबरी झाली असती तरी राष्ट्रीय विजेतेपद जवळपास नक्की नेब्रास्काचं होतं. दुसरा रस्ता चेंडू पुन्हा एकदा रेषेपलीकडे नेऊन दोन गुणांसाठी जाण्याचा, म्हणजे जिंकू किंवा मरू. टॉम ऑस्बर्न प्रशिक्षक होते. तोवर त्यांना एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळालेलं नव्हतं. त्यांनी बरोबरीवरचं विजेतेपद घेतलं नाही, दोन गुणांसाठी गेले. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, टर्नर गिलने फेकलेला चेंडू मायामीच्या खेळाडूच्या हाताचा स्पर्श होऊन उडाला आणि सामना गेला.

नेब्रास्कातली माणसं ही गोष्ट अजून सांगतात ती रडगाणं म्हणून नाही. आपला माणूस फुकट मिळणारा मुकुट घेऊन घरी आला नाही, याचा अभिमान त्यात आहे. आजोबांनी हीच गोष्ट तुमच्या यजमानांना सांगितली असणार, आणि ती सांगताना त्यांचा आवाज कसा होत असेल याची मी कल्पना करू शकते.

आता पुढचं बघा. ऑस्बर्न थांबले नाहीत, लोकही थांबले नाहीत. दरवर्षी नऊ किंवा जास्त सामने जिंकायचे आणि शेवटच्या मोठ्या सामन्यात बहुतेकदा हरायचे. जानेवारी १९९४ मध्ये पुन्हा त्याच ऑरेंज बाउलमध्ये फ्लोरिडा स्टेटकडून १८-१६ असे, अगदी शेवटच्या क्षणी हुकलेल्या किकमुळे. आणि मग तुमचे यजमान इचलकरंजीहून आले. ऑगस्ट १९९४. चार-साडेचार महिन्यांनी, १ जानेवारी १९९५ ला, तेच मायामी शहर, तेच मैदान, तोच मायामीचा संघ. शेवटच्या पावाला नेब्रास्का १७-९ असं मागे. कोरी श्लेसिंजर नावाच्या धिप्पाड गड्याने दोनदा चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि नेब्रास्का २४-१७ असं जिंकलं. ऑस्बर्नना पहिलं विजेतेपद मिळालं. अकरा वर्षांनी.

हीच ती दिवाणखान्यातली मॅच, ताई. तुम्ही शंभरदा ऐकलीत ती. एका सोफ्यावर अकरा वर्षं वाट पाहिलेला म्हातारा, आणि शेजारी तेवीस वर्षांचा पोरगा, ज्याला अजून नियमही धड कळत नव्हते, ज्याने कशाचीच वाट पाहिलेली नव्हती. दोघांना आनंद मात्र सारखा मिळाला. पुढे १९९५ ला पुन्हा विजेतेपद, १९९७ ला आणखी एक, मग ऑस्बर्न २५ मोसम आणि २५५ विजय पदरात घेऊन निवृत्त. तुमच्या यजमानांनी विद्यार्थीदशेत आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत जे पाहिलं, ते त्या राज्याने पाहिलेलं सगळ्यात चांगलं. आणि ते त्यांना आयतं मिळालं होतं.

माझं मत असं, की तुमचे यजमान गेली वीस वर्षं ते फेडताहेत. दुसऱ्यांनी वाट पाहिली आणि आपण फळ खाल्लं, ही जाणीव सरळ मनाच्या माणसाला सोडत नाही. आता वाट पाहायची पाळी आपली आहे, ती टाळून उठून जाणं त्यांना जमत नाही. संघ हरायला लागल्यावर पाठ फिरवायची म्हणजे आजोबांची ती अकरा वर्षं मूर्खपणाची होती असं म्हणणं. ते त्यांच्याच्याने होणार नाही. मला तरी हा दोष वाटत नाही.

आणि संघ हरतो म्हणजे कसा हरतो तेही सांगते, म्हणजे त्यांचा घसा का बसतो ते कळेल. १९६९ ते २००१ अशी सलग ३३ वर्षं या संघाने दरवर्षी किमान नऊ सामने जिंकले. २०१७ ते २०२३ या सात वर्षांत जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त, असं एकदाही झालं नाही. २०२१ मध्ये बारापैकी नऊ हरले, आणि त्या नऊपैकी एकही दहा किंवा अधिक गुणांनी नाही. म्हणजे नऊच्या नऊ वेळा शेवटपर्यंत आशा, आणि नऊच्या नऊ वेळा ती गेलेली. तरी स्टेडियम भरलेलं. त्या गर्दीची आणखी एक रीत आहे, मला ती फार आवडते: पाहुणा संघ मैदानातून परत जाताना तिथले लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, आपण हरलो असलो तरी. तुमचे यजमान पाडव्याच्या दिवशी हरून आले ते बहुधा यूसीएलएच्या पोरांसाठी टाळ्या वाजवून.

आता २०१६. तुम्ही लिहिता की आजोबा गेले ‘तरी’ हा जातोच, जणू माणूस गेल्यावर कारण संपायला हवं होतं. आणि पुढच्याच वाक्यात लिहिता की पहिल्या सामन्याहून येऊन रडत होता, कुणा खेळाडूसाठी.

तो खेळाडू सॅम फोल्ट्झ. नेब्रास्काचाच मुलगा, संघाचा पंटर, म्हणजे चेंडू लांब लाथाडून परत देणारा. जुलै २०१६ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये मोटार अपघातात गेला. त्या मोसमाचा पहिला सामना ३ सप्टेंबरला, फ्रेस्नो स्टेटबरोबर. नेब्रास्कावर पहिल्यांदा पंट करायची वेळ आली तेव्हा अकराऐवजी दहाच खेळाडू मैदानात उतरले. पंटर जिथे उभा राहतो ती जागा रिकामी ठेवली. घड्याळ चालू राहिलं, कुणी हललं नाही, वेळ संपली, पंचांनी दंड पुकारला. फ्रेस्नो स्टेटच्या संघाने तो दंड घेतला नाही. नव्वद हजार माणसं उभी होती.

त्या गर्दीत तुमचे यजमान होते, आणि त्यांच्या शेजारी आजोबा त्या वर्षी पहिल्यांदाच नव्हते. तिथे कुणी दुसरं बसलं असेल, आजींच्या मुलांपैकी, नातवंडांपैकी. पण जागा रिकामीच. ताई, ते खेळाडूसाठी रडत होते हे खरं आहे. पण आपल्या इचलकरंजीच्या माणसाला परक्या देशात बापासारख्या माणसासाठी रडायला दुसरी कुठली जागा होती? बाप नव्हे, नातं नाही, सुतक नाही, दहावा-तेरावा नाही, कुणी भेटायला येत नाही. घरमालक वारले म्हणून ऑफिसात किती दिवस रजा मागणार? त्या मैदानावर दहा पोरांनी एक जागा मोकळी सोडली आणि यांना वाट मिळाली. त्या रात्री तुम्ही दोघं काय बोललात ते तुम्ही लिहिलेलं नाही. बोलणं झालंच नसेल तर अजूनही होऊ शकतं. मी तुमच्या जागी असते तर सगळ्यात आधी तेच केलं असतं.

तुमच्या वडिलांचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. कोल्हापूरची लेक फुटबॉलचं वेड कळत नाही म्हणते हे मला पटत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस यांच्या सामन्यांना काय होतं ते मी पाहिलंय. तिथे कोण कुणाचा, ते जन्माआधी ठरलेलं असतं. पेठ ठरवते, तालीम ठरवते, आजोबा ठरवतात. खेळणारी पोरं बदलतात, झेंडा तोच. तुम्ही म्हणता ते आपलं गाव होतं, म्हणून वेगळं. फरक आहे, मान्य. तुमच्या वडिलांना तो संघ जन्माने मिळाला, तुमच्या यजमानांना मिळवावा लागला. ज्या गावात आपलं कुणी नाही, आपल्या नावाचा उच्चार कुणाला जमत नाही, थंडीत हाडं गोठतात, तिथे एका म्हाताऱ्याने ‘चल, एक जागा आहे’ म्हटलं आणि हा पोरगा गेला. त्या एका विषयावर पेट्रोल पंपावरचा माणूस त्याच्याशी बोलायला लागला, प्राध्यापक बोलायला लागले, पुढे साहेब बोलायला लागला. परदेशात आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट कायम डाचते, की आपण कुठेच जुने नाही. या स्टेडियममध्ये तुमचे यजमान जुने आहेत. ऑस्बर्नचा काळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता चाळिशी-पन्नाशीच्या पुढे गेली आहेत, आणि ते त्यांच्यातले एक. समोरच्या रांगेतल्या विशीतल्या नेब्रास्कनला ते १९९५ बद्दल सांगू शकतात. त्या जागेवर त्यांना कुणी ‘मूळचे कुठले’ विचारत नाही. तुम्ही बावीस वर्षं तिथे आहात, तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळेल.

म्हणून तुमच्या वडिलांच्या शेजारी त्यांना बसवा. मनातल्या मनात का होईना. दोघांचं चांगलं जमलं असतं असं मला वाटतं.

मुलीचं मात्र मी वेगळं धरते. इथे तुमच्या यजमानांनी जपायला हवं. आयोवा म्हणजे शेजारचं राज्य आणि दरवर्षीचा शेवटचा प्रतिस्पर्धी. २०२३ मध्ये आयोवाकडून १३-१० असे हरले, २०२४ मध्ये पुन्हा १३-१०, आणि दोन्ही वेळा शेवटच्या सेकंदाच्या किकवर. जखम ताजी आहे, कबूल. पण तीन दिवसांचा अबोला हा सतरा वर्षांच्या मुलीसाठी फार मोठा असतो. तिला त्यातून एवढंच कळतं, की बाबांना माझ्यापेक्षा तो संघ मोठा. तसं नसणार. तर मग त्यांनी तोंडाने सांगायला हवं, आणि लवकर. तुम्ही मध्ये पडून सांगू नका, त्यांनाच सांगू द्या.

अबोल्यामागे पैशाची काळजी असेल तर तेही उघड बोलून घ्या. दुसऱ्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात फी कितीतरी जास्त पडते, आणि नर्सिंगचं उत्तम शिक्षण तुमच्या ओमाहातही आहे. तो विचार घरात मोकळेपणाने व्हावा. तो झाला आणि तरीही तिला आयोवाच हवं असेल, तर एक गोष्ट यजमानांना माझ्यातर्फे सांगा. माझा मुलगा आयोवा सिटीत, त्या विद्यापीठाच्या गावी, होता तेव्हा मी ती पाहिली आहे. तिथल्या स्टेडियमला लागूनच मुलांचं मोठं हॉस्पिटल आहे. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आजारी मुलं सामना बघतात. २०१७ पासून प्रत्येक सामन्यात पहिला पाव संपला की सगळं स्टेडियम मैदानाकडे पाठ करून त्या खिडक्यांकडे वळतं आणि हात हलवतं. सत्तर हजार माणसं, दोन्ही संघांचे खेळाडू, पंचसुद्धा. जी मुलगी नर्स व्हायला निघाली आहे, तिला ते ठिकाण का हवंसं वाटलं असेल हे फ्रेस्नो स्टेटच्या सामन्याला रडलेल्या बापाला समजावून सांगायची गरज पडू नये.

आता काय करायचं ते. तुम्ही त्यांच्याबरोबर स्टेडियमला जायला सुरुवात करा, असं मी म्हणणार नाही. तुम्हाला आवडत नसेल तर नका जाऊ. नवऱ्याची प्रत्येक आवड बायकोने अंगी लावून घ्यायला हवी हे मला मान्य नाही, आणि तुमचे शनिवार हे तुमचेही आहेत. सामन्याच्या दिवशी तुम्ही तुमचं काहीतरी ठरवा आणि ते तितक्याच नेमाने करा. त्यांच्या परत येण्याची वाट बघत घरी बसू नका.

पण एक करा. आजींना भेटायला जा. तुमच्या अख्ख्या पत्रात आजी एका वाक्यापुरत्या येतात, शुक्रवारच्या फोनच्या. तुम्ही त्यांना भेटला असाल, पण भेट मनात राहिलेली दिसत नाही. एखाद्या रविवारी दोघं मिळून जा, सोबत घरचं काही करून न्या, आणि तुमच्या नवऱ्यासमोर आजींना विचारा, की ऑगस्ट १९९४ मध्ये हा दारात आला तेव्हा कसा होता. काय खायचा, कधी रडायचा, पहिल्या सामन्याला काय घालून गेला. तुमच्या नवऱ्याचं ते वर्ष पाहिलेलं त्या देशात आता दुसरं कुणी उरलेलं नाही. आजी आहेत तोवर ते ऐकून घ्या, मुलीलाही न्या.

आणि तारखांचा करार करा, लेखी केलात तरी हरकत नाही. सामन्यांच्या तारखा खूप आधी जाहीर होतात, वेळ मात्र टीव्हीवाले ठरवतात आणि ती कित्येकदा जेमतेम आठवडाभर, फार तर बारा दिवस आधी कळते. त्यामुळे ‘संध्याकाळपर्यंत येतो’ या शब्दावर काही बेतू नका. यंदा, २०२५ मध्ये, पाडवा २२ ऑक्टोबरला, बुधवारी आहे. कुठलाच सामना नाही, तेव्हा गेल्या वर्षीचं उणं त्या दिवशी भरून घ्या, ऑफिसला अर्धी रजा टाकायला सांगा. २५ ऑक्टोबरच्या शनिवारी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा संघ लिंकनला येतोय. तुमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम त्याच दिवशी असला तर आत्ताच बोला, आणि त्या दिवशी त्यांनी तुमच्याबरोबर असावं असं वाटत असेल तर स्पष्ट मागा. घरच्या सात सामन्यांतला एक मागणं काही जास्त नाही. पुढे ज्या वर्षी पाडवा आणि सामना एकाच शनिवारी येतील, त्या वर्षी औक्षण आधी आणि लिंकन नंतर, हेही आत्ताच ठरवा.

राहिला २८ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आयोवाचा संघ लिंकनला येतो. बाप-लेकीने तो सामना एकत्र पाहावा असं मला वाटतं. तिने कुठल्या रंगाचा शर्ट घालायचा ते तिचं तिने ठरवावं. त्या चारांतलं दुसरं तिकीट त्या दिवशी मोकळं मिळेल का, हे आजींच्या घरी यजमानांनी याच आठवड्यात विचारावं, कारण त्या सामन्याला कुणी सहसा जागा सोडत नाही.